सेल्फ घरघरतो, इंजिन हलत नाही: फ्लायव्हील बदलायचं की नुसती रिंग?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरजवळ सांवेरकडे शेती असलेले एक काका, घरी जुना मॅसी १०३५ ट्रॅक्टर. चावी फिरवली की कधी पटकन चालू होतो, कधी सेल्फ (इंजिनाला पहिला फेरा देणारी मोटर) नुसता घर्रर्र करतो आणि इंजिन जागचं हलत नाही. गिअरमध्ये टाकून ट्रॅक्टर हातभर ढकलला की पुढच्या चावीला लगेच चालू. मेकॅनिक म्हणतो पूर्ण फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या मागच्या टोकाचं जड चाक, बदला. गावातला वेल्डर म्हणतो दाते भरून देतो. पुतण्या म्हणतो, रिंग उलटी करून बसवू, मीच करतो. ऐकायचं कोणाचं?

काका, पुतण्याचं अर्धं ऐका, वेल्डरचं अजिबात ऐकू नका, आणि मेकॅनिकला एवढंच विचारा की फ्लायव्हीलमध्ये त्याला नेमकी खोट काय दिसली. तुम्ही सांगता त्यावरून फ्लायव्हील बदलायचं काही कारण दिसत नाही. त्याच्या कडेवर चढवलेली दात्यांची रिंग गेली आहे. ती वेगळी मिळते, वेगळी निघते आणि वेगळी बसते.

ढकलल्यावर चालू होतो, हीच मोठी खूण. डिझेल इंजिन बंद होताना शेवटच्या फेऱ्यात एखादा पिस्टन कॉम्प्रेशनवर, म्हणजे हवा दाबत वर, चढू बघतो, माथा गाठत नाही, मागे लोटला जातो आणि इंजिन ठरावीक जागीच विसावतं. तुमच्या तीन सिलिंडरच्या इंजिनाला फ्लायव्हीलवर अशा तीन जागा आहेत, एकमेकींपासून १२० अंशांवर. चार सिलिंडर असतील तर दोन, समोरासमोर. जुन्या एका सिलिंडरच्या एअरकूल्ड आयशरला बहुधा एकच. म्हणजे सेल्फचं पिनियन (रिंगला फिरवणारं त्याचं छोटं दातेरी चाक) वर्षानुवर्षं त्याच त्या दात्यांवर येऊन आदळतं आणि मधली रिंग जवळजवळ कोरी राहते. तुमच्या तीन जागांपैकी एक पार झिजलेली असणार, दुसरी त्याच वाटेवर. म्हणून कधी लागतो, कधी नाही.

तरीही ट्रॅक्टर फोडण्याआधी, म्हणजे इंजिन मागच्या भागापासून सोडवण्याआधी, खात्री करून घ्या, कारण फोडणं हेच या कामातलं निम्म्याहून जास्त काम आहे. आधी कान द्या. दात्यावर दाता घासल्याचा कर्कश आवाज आला तर रिंग किंवा पिनियन. मोटर गुळगुळीत सूंऽऽ करत नुसती फिरली, घासल्याचा आवाजच नाही, तर बेंडिक्सचा (पिनियनला मोटरशी जोडणाऱ्या भागाचा) क्लच घसरतो आहे. ते काम सेल्फ उतरवून बाकावर होतं, ट्रॅक्टर फोडावा लागत नाही. नुसतं टकटक-टकटक झालं तर बॅटरी, अर्थ किंवा सोलेनॉइड (पिनियनला पुढे ढकलणारा विजेचा भाग).

मग बॅटरीची अर्थची वायर काढा (ही आधी, बाकी सगळं नंतर) आणि सेल्फ उतरवा. त्याच्या भोकातून टॉर्च मारा. समोरच्या पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हळूहळू फिरवा. इंजेक्टर काढून ठेवले तर एका हाताने फिरतं. पुतण्याला खडू देऊन बसवा, प्रत्येक खराब दात्यावर खूण करायला सांगा. चांगला दाता वर चपटा, दोन्ही बाजूंना सारखा. झिजलेला दाता पिनियन शिरतो त्या बाजूने टोकदार होतो, खाल्लेल्या पेन्सिलीसारखा, आणि कडेला धातूची कोर वळलेली असते. बोट फिरवू नका, ती कोर ब्लेडसारखी कापते. पूर्ण फेरा झाल्यावर खुणा तीन घोळक्यांत, सारख्या अंतरावर दिसल्या तर निदान पक्कं.

आणखी एक तपासणी याच भोकातून होते. रिंग आणि फ्लायव्हील दोन्हींवरून जाईल अशी एक आडवी रेघ खडूने ओढा, सेल्फ परत बसवून चांगल्या जागेवर चार-पाच वेळा चालू करा आणि पुन्हा उघडून बघा. रेघ तुटून दोन तुकडे एकमेकांपासून सरकले असतील तर रिंग फ्लायव्हीलवर घसरते आहे. तसं असेल तर प्रकरण वेगळं. तेव्हा फ्लायव्हीलची सीट (रिंग बसते ती जागा) मोजावी लागते, आणि सीटच झिजली असेल तर मेकॅनिक बरोबर आहे. फ्लायव्हील बदलायची एवढीच कारणं मला मान्य आहेत: सीट सैल झाली, बोल्टची भोकं लंबगोल झाली, किंवा क्लच टेकतो त्या चेहऱ्यावर खोल तडे गेले. चेहऱ्यावर नुसते निळे डाग आणि बारीक जाळी असेल तर सांवेर रोडच्या औद्योगिक भागात कुठल्याही चांगल्या लेथवर ते निघतं.

वेल्डरबद्दल. भरलेला दाता हाताने घासून आकारात आणावा लागतो, आणि शेजारच्या दात्याशी तो कधीच तंतोतंत जुळत नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूचे दाते मऊ पडतात, भरलेला दाता ठिसूळ होतो, आणि एक दिवस त्याचा तुकडा उडून क्लचच्या घरात फिरत बसतो. काही जण घसरणाऱ्या रिंगला फ्लायव्हीलशी टाके मारतात. फ्लायव्हील ओतीव लोखंडाचं, रिंग पोलादाची. टाका थंड होताना ओतीव बाजूला तडा देतो. मिनिटाला दोन हजारांपेक्षा जास्त फेरे घेणाऱ्या वस्तूला तडा गेलेला कोणाला चालेल?

पुतण्या म्हणतो ती उलटी रिंग ही जुनी आणि खरी युक्ती आहे. दाते एकाच बाजूने झिजतात, उलटल्यावर दुसरी, कोरी बाजू पिनियनसमोर येते. त्याहून बरं म्हणजे रिंग न उलटता सरकवणं: तीन सिलिंडरला ६० अंश, चार सिलिंडरला ९०. मग इंजिन थांबतं त्या जागी न वापरलेले दाते येतात. पण उलटल्यावर पिनियन आत शिरावं म्हणून दात्यांना दिलेली उतरती कड पलीकडे जाते, ती ग्राइंडरने प्रत्येक दात्यावर नव्याने करावी लागते, आणि दोनदा तापवून-निववून रिंगची पकड थोडी ढिली पडते. ट्रॅक्टर दोन तुकडे करण्याच्या मजुरीपुढे नव्या रिंगची किंमत फार नसते. नवी मिळत असताना जुनी उलटवण्यात मला शहाणपण दिसत नाही. ज्या मॉडेलची रिंग बाजारात उरलीच नाही, तिथे उलटवा किंवा सरकवा.

मॅसी १०३५ ची रिंग मिळते. मात्र दुकानात नुसतं मॉडेलचं नाव सांगून उचलू नका. जुन्या ट्रॅक्टरचं फ्लायव्हील किंवा सेल्फ मधल्या काळात कोणीतरी बदललेलं असतं आणि मालकाला पत्ता नसतो. चार गोष्टी जुळवा: दात्यांची संख्या, आतला व्यास, रिंगची रुंदी, आणि उतरती कड कोणत्या बाजूला आहे. दाते मोजताना पहिल्यावर खडू करा, नाहीतर तिसऱ्यांदाही आकडा वेगळा येईल. पिनियनही त्याच वेळी नवं घ्या. झिजलेलं पिनियन नव्या रिंगवर घातलं तर ते रिंगला आपल्यासारखं करून सोडतं.

वेळ म्हणाल तर गहू मंडईत गेला की, सोयाबीनच्या पेरणीआधी, एप्रिल-मेमध्ये. जूनमध्ये काळ्या मातीला ओल आली की कोणाकडे मेकॅनिकही नसतो आणि वेळही नसतो.

फोडायचं कसं, ते सगळं इथे लिहीत नाही. मॅन्युअल आहे, आणि हाताशी एक जाणता माणूस हवाच. पण जीव जाऊ शकतो ती जागा सांगतो. मॅसीचा पुढचा ॲक्सल मधल्या एका पिनवर झुलतो. इंजिन मागच्या भागापासून सुटलं की त्या पिनवर ते कुठल्याही बाजूला कलंडू शकतं. म्हणून बोल्टला हात लावण्याआधी ॲक्सल आणि त्यावरच्या आधाराच्या मध्ये दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी घट्ट ठोका. गिअरबॉक्सखाली पक्की घोडी, मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे, इंजिनाखाली चाकांचा जॅक. जमीन सिमेंटची हवी. नुसत्या विटांवर किंवा मातीत रोवलेल्या जॅकवर हे काम करणाऱ्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नका. स्टिअरिंगचे दांडे, मागे गिअरबॉक्सच्या घराला बांधलेले रेडियस रॉड, डिझेलच्या नळ्या, ॲक्सिलरेटरची काडी, वायरिंग, मीटरची केबल हे सगळं सुटल्यावरच शेवटचे बोल्ट. सुटताना दोन्ही भागांतली फट चारी बाजूंनी सारखी वाढली पाहिजे. कुठे अडलं तर पहार घालू नका. एखादा बोल्ट राहिलेला असतो.

क्लच उतरवताना प्रेशर प्लेट आणि फ्लायव्हीलवर पंचने एक खूण, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे सैल करत. जुन्या क्लच प्लेटच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा ती काळी धूळ हवेच्या पाइपने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. फ्लायव्हीललाही क्रँकशी खूण करा, टायमिंगच्या खुणा त्याच्यावरच असतात. दोन बोल्ट काढून त्या जागी लांब, डोकं कापलेले स्टड लावा आणि त्यांच्यावरून फ्लायव्हील सरकवत बाहेर घ्या. दोन माणसं हवीत. पायावर पडलं तर हंगाम घरी काढावा लागेल.

आता रिंग. काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या आणि उतरती कड इंजिनाकडे आहे की क्लचकडे ते फ्लायव्हीलवर खडूने लिहून ठेवा. उलटी बसलेली नवी रिंग हे या कामातलं सगळ्यात महाग पडणारं चुकणं आहे, कारण ते कळतं ट्रॅक्टर परत जोडून चावी फिरवल्यावर. जुनी रिंग परत वापरायची नसेल तर तापवत बसू नका. दोन दात्यांच्या मधल्या खाचेत ड्रिलने भोक पाडा, पण भोक रिंगच्या जाडीतच थांबलं पाहिजे, फ्लायव्हीलला टोक लागता कामा नये. मग त्या जागी छिन्नी ठेवून दोन-तीन दणके. रिंग आतून ताणलेली असते, टण्णकन तुटून उघडते. डोळ्यांना चष्मा हवाच, आणि वर एक जाड गोणपाट टाका.

सीट वायर ब्रशने लखलखीत करा. ज्या खांद्याला रिंग टेकते तिथे गंजाचा एक खडा जरी राहिला तरी रिंग एका बाजूने उचललेली राहते. उचललेल्या भागात पिनियन अर्धंच शिरतं.

बसवण्याचं तत्त्व आपल्याकडच्या लोहार-सुतारांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे: बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवतात तेच. रिंग थंड असताना सीटपेक्षा थोडी लहान असते, साधारण ०.३ ते ०.५ मिलीमीटर. तापवली की फुगते. हिशेब सोपा आहे. पोलाद दर अंश सेल्सिअसला, दर मीटरमागे सुमारे ०.०१२ मिलीमीटर वाढतं. आतला व्यास ३५० मिलीमीटर धरला आणि तापमान २०० अंशांनी वाढवलं, तर रिंग ०.८४ मिलीमीटरने मोठी होते. म्हणजे सुमारे २०० ते २४० अंशांवर ती अलगद आत पडायला हवी. लाल करण्याची काही गरज नाही, आणि लाल केली तर दात्यांचं पाणी (कडकपणा) उतरलं म्हणून समजा. ती रिंग पुढच्या वर्षी परत याच अवस्थेत दिसेल. गॅसवाल्याच्या हातात रिंग देऊन चहाला जाऊ नका. त्याला सवय लाल करण्याची असते.

तापमान ओळखायचं कसं? दुकानात तापमानाचे खडू मिळतात, उत्तम. नसतील तर रेडिओ दुरुस्तीचं ६०-४० चं सोल्डर. ते साधारण १९० अंशांना पूर्ण वितळतं. तापत्या रिंगला चार ठिकाणी तार टेकवा. चारही ठिकाणी थेंब होऊन घरंगळली की जवळ आलात. शिवाय रिंगचा एक चेहरा आधीच पॉलिश पेपरने चार जागी चकचकीत करून ठेवा. तिथे रंग दिसतो: साधारण २२० ला फिकट पिवळा, वाळल्या गवतासारखा; २५० ला तपकिरी; २८० ला जांभळा; ३०० च्या आसपास निळा. पिवळ्यावर थांबायचं. जांभळा दिसला म्हणजे उशीर झाला.

गॅसच्या नळीने तापवायची तर रिंग विटांवर ठेवा आणि ज्योत एका जागी न थांबवता गोल गोल फिरवत राहा, आतल्या बाजूने. दात्यांवर ज्योत मारायची नाही. बेकरीची भट्टी किंवा पावडर कोटिंगवाल्याचा ओव्हन मिळाला तर त्याहून चांगलं काही नाही. खेड्यात गोवऱ्यांच्या गोल आरावर तापवलेल्याही मी पाहिल्या आहेत, आणि खरं सांगतो, एकसारखी उष्णता देण्यात गोवरी गॅसपेक्षा बरी. उकळत्या तेलात मात्र तापवू नका. तेल या तापमानाला धुराला येतं आणि पेटू शकतं.

एक छोटं हत्यार करून ठेवा. सीटचा व्यास लेथवाल्याकडून नीट मोजून घ्या, आणि एक जाड सळी त्यापेक्षा पाव मिलीमीटर लांब कापून दोन्ही टोकं घासा. गरम रिंगमध्ये ही सळी चिमट्याने आडवी धरून दोन दिशांनी फिरवून बघा. अडली तर अजून तापवा. मोकळी फिरली तर उचला. अंदाजावर उचललेली रिंग अर्ध्यात अडकते, तिथेच पकडते, आणि मग ती ना खाली जाते ना वर येते. परत भोक, परत छिन्नी, परत दुकान.

उचलल्यावर हातात काही सेकंदच असतात. थंड फ्लायव्हील आधीच सपाट, हलणार नाही असं ठेवलेलं हवं, सीट वर. दोघांनी दोन चिमट्यांनी समोरासमोर धरायची, कडेची दिशा एकदा मोठ्याने बोलून घ्यायची आणि सपाट सोडायची. पितळेच्या ड्रिफ्टने चारी बाजूंना हलके ठोके, खांद्याला टेकल्याचा आवाज बदलतो, टण्णऐवजी ठक्क. मग वरून दाब देऊन धरा, कारण थंड होताना रिंग वर सरकू बघते. इथे धावेपेक्षा एक फरक. धावेवर पाणी ओततात, कारण आत लाकूड जळत असतं. रिंगवर पाणी घालायचं नाही. सावलीत, वाऱ्याचा झोत लागणार नाही अशी आपोआप निवू द्या. निवल्यावर खांद्याच्या फटीत सगळ्यात पातळ फीलर गेज कुठेच शिरता कामा नये.

ट्रॅक्टर उघडाच आहे, तर याच खेपेत क्रँकच्या मागचं ऑइल सील, पायलट बेअरिंग, रिलीज बेअरिंग आणि क्लच प्लेट बघून घ्या. सील जरासंही ओलं दिसलं तर बदला. हे चार भाग मिळून जे होतील ते होतील, पण सहा महिन्यांनी एका सीलसाठी पुन्हा फोडायला लागला तर मजुरी दुप्पट. फ्लायव्हीलचे बोल्ट टॉर्क पान्याने, मॅन्युअलच्या आकड्याला. बसवल्यावर डायल गेज लावून चेहरा डगमगत नाही ना ते बघा. डगमगला तर बहुतेक क्रँकच्या फ्लँजवर घाण राहिलेली असते. जोडताना क्लच प्लेट डमी शाफ्टने मध्यावर आणा, गिअर न्यूट्रलला आणि पीटीओ जोडलेला ठेवून मागचा पीटीओ शाफ्ट (अवजारांना फिरवणारा दांडा) हाताने थोडा थोडा फिरवत दोन्ही भाग एकत्र आणा. शेवटची फट बोल्ट आवळून मिटवू नका. स्प्लाइन (शाफ्टवरच्या खाचा) जुळले नसतील तर क्लच प्लेटचा हब मोडतो. शेवटी क्लच पेडलचा फ्री प्ले (मोकळी चाल) लावा.

पुतण्याला खरंच हात घालायचा असेल तर आडवू नका. आपल्याकडे बुधनीला नर्मदेकाठी केंद्र सरकारची ट्रॅक्टर प्रशिक्षण आणि चाचणी संस्था १९५५ पासून आहे, तिथे शेतकऱ्यांनाही शिकवतात. भिया एकदा जाऊन आला तर पुढची दुरुस्ती घरच्या घरी होईल.

आता ज्या गोष्टीकडे सहसा कोणी बघत नाही ती. रिंग आपणहून झिजत नाही, तिला सेल्फ आणि बॅटरी खातात. बॅटरी अशक्त असली की सोलेनॉइड पिनियनला पुढे ढकलतं, मोटरने करंट ओढताच व्होल्टेज पडतं, सोलेनॉइड सोडतं, परत ढकलतं. त्या टकटकीत पिनियन दात्यांच्या टोकांवर छिन्नीसारखं काम करतं. पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी निवांत असताना १२.६ च्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना मीटर ९.५ च्या खाली गेला तर बॅटरी किंवा वायरिंग बघा. अर्थची वायर इंजिनाला जिथे लागते तिथला रंग आणि तेल खरवडून लोखंड उघडं करा. बॅटरीच्या मायनसपासून इंजिनाच्या अंगापर्यंत, सेल्फ फिरताना, अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसू नये.

दुसरी खोड चालवणाऱ्याची. पहिल्या चावीला चालू झाला नाही की लगेच दुसरी चावी. त्या क्षणी इंजिन कॉम्प्रेशनमुळे मागे झुलत असतं आणि पिनियन उलट्या दिशेने येणाऱ्या दात्यांवर आदळतं. दोन चाव्यांमध्ये चार-पाच सेकंद थांबायला घरातल्या सगळ्यांना सांगा. आणि इंजेक्टर टपकत असतील, इंजिन चालू व्हायलाच दहा-दहा सेकंद सेल्फ लागत असेल, तर आधी ते दुरुस्त करा.

सेल्फ बसवण्याआधी पुढच्या टोकाची पितळी बुश बघा. आर्मेचरचा शाफ्ट हाताने वर-खाली हलला तर बुश गेली, आणि मग पिनियन रिंगशी तिरकं लागतं. बसल्यावर थांबलेलं पिनियन रिंगपासून दोन-तीन मिलीमीटर लांब असावं, आणि सेल्फचे बोल्ट घट्ट. नव्या दात्यांवर थोडा ओला रंग लावा, चार-पाच वेळा चालू करा, सेल्फ उतरवून बघा. रंग दात्याच्या रुंदीभर पुसला गेला असेल तर काम झालं. एकाच कडेला पुसला असेल तर नव्या रिंगला दोष देऊ नका. आधी ती बुश, मग सेल्फ जिथे टेकतो त्या तोंडावरची माती आणि जुना रंग, याच क्रमाने शोधा.